कामाच्या ठिकाणी मृत्यू झाल्यावर कंपनीवर फौजदारी जबाबदारी कशी आणावी : पहिल्या दिवसापासून शिक्षेपर्यंत

कारखान्यात, बांधकामावर किंवा खाणीत कामगार दगावला की फौजदारी कारवाईचा रोख बहुतेक वेळा ठरलेल्या दिशेने जातो. त्या पाळीचा सुपरवायझर, क्रेनचा ऑपरेटर किंवा मजूर पुरवणारा ठेकेदार आरोपी होतो, कंपनी ‘तपासात पूर्ण सहकार्य करत असल्याचे’ निवेदन काढते, आणि ज्यांच्या निर्णयांमुळे ती पाळी मुळातच धोकादायक झाली होती त्यांची नावे कागदावर येतच नाहीत. कंपनीवर मनुष्यवधाचा किंवा निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा आरोप ठेवता येतो, हे अनेक देशांच्या कायद्यांनी आता मान्य केले आहे. खटले अडतात ते पुराव्यापाशी. यंत्राजवळ घडलेली चूक आणि वरच्या मजल्यावर घेतलेला किंवा टाळलेला निर्णय यांच्यातला दुवा सिद्ध झाला नाही, तर कायदा कितीही कडक असला तरी कंपनी सुटते. म्हणून पुढील सर्व टप्प्यांचा हेतू एकच आहे : हा दुवा वेळेत शोधणे, जपणे आणि न्यायालयात टिकेल अशा स्वरूपात मांडणे.

हे मार्गदर्शन मृताचे कुटुंबीय, सहकारी, कामगार संघटना आणि त्यांना मदत करणारे वकील यांच्यासाठी आहे. कलमे आणि मुदती देशागणिक बदलतात. कामाची पद्धत मात्र फारशी बदलत नाही.

पहिला टप्पा : पुरावा नाहीसा होण्याआधी

गंभीर अपघातानंतर, जखमींना बाहेर काढण्यापुरती हालचाल सोडली तर, घटनास्थळ जसेच्या तसे ठेवावे असा नियम बहुतेक सुरक्षा कायद्यांत असतो. प्रत्यक्षात काही तासांतच जागा धुतली जाते, तुटलेला भाग भंगारात जातो आणि यंत्र पुन्हा सुरू होते. त्यामुळे पहिल्याच दिवशी पोलीस, सुरक्षा निरीक्षक आणि कंपनी या तिघांना एकाच मजकुराचे पत्र द्यावे, त्याची पोच घ्यावी, आणि कोणत्या वस्तू व नोंदी जपून ठेवायच्या आहेत हे त्यात नावानिशी लिहावे. ‘सर्व संबंधित कागदपत्रे’ एवढेच मोघम लिहिलेले पत्र पुढे निरुपयोगी ठरते, कारण कोणता कागद संबंधित आहे हे मग कंपनीच ठरवते.

यादीत सर्वप्रथम सीसीटीव्हीचे चित्रण असावे, कारण बऱ्याच यंत्रणांमध्ये जुन्या चित्रणावर थोड्याच दिवसांत नवे चित्रण आपोआप चढते. त्यानंतर यंत्राच्या संगणकीय नियंत्रकातील नोंदी, प्रवेशद्वारावरील हजेरी, त्या दिवसाचे वर्क परमिट (धोकादायक काम सुरू करण्याची लेखी परवानगी), वीजपुरवठा बंद करून कुलूप लावल्याची नोंद, देखभालीचे रजिस्टर, गॅस मोजणाऱ्या उपकरणाच्या नोंदी आणि पाळीच्या व्हॉट्सॲप गटातील संदेश यांची मागणी करावी. शेवटच्या गोष्टीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. पण ‘गार्ड (यंत्राचे संरक्षक झाकण) काढूनच चालवा, डिस्पॅच थांबलंय’ अशा धर्तीचा एक संदेश शंभर पानांच्या सुरक्षा धोरणापेक्षा अधिक बोलका असतो. ज्यांच्या फोनवर असा संदेश असेल त्यांनी तो पुसू नये, केवळ स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नये, आणि शक्य असल्यास मूळ फोनच तपास अधिकाऱ्याकडे पावती घेऊन द्यावा.

पंचनामा होत असताना कामगारांचा एखादा जाणकार प्रतिनिधी हजर असेल तर बराच फरक पडतो. ‘कामगार मशिनमध्ये अडकून मयत झाला’ या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. गार्ड जागेवर होते की बाजूला ठेवलेले होते, मुख्य स्विच कोणत्या स्थितीत होता, कुलूप आणि टॅग लावले होते का, आपत्कालीन थांबा-बटण चालते का, हे लिहून घ्यावे लागते. दाराच्या लिमिट स्विचला (दार उघडताच यंत्र थांबवणाऱ्या स्विचला) वायरचा तुकडा जोडून तो कायमचा ‘चालू’ ठेवलेला असेल, तर त्या वायरचे जवळून छायाचित्र घ्यावे आणि तिच्यावर साचलेली धूळ व ग्रीस यांचीही नोंद करून घ्यावी. धुळीचा थर असलेली वायर सांगते की ही सोय त्या दिवशी एखाद्या कामगाराने केलेली नव्हती. ती बऱ्याच काळापासून सर्वांच्या डोळ्यांसमोर होती.

टाकी, गटार किंवा विहीर अशा बंदिस्त जागेतील मृत्यूत शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना कोणत्या वायूचा संशय आहे हे आधीच कळवावे, म्हणजे त्यासाठी आवश्यक ते नमुने वेळेत राखले जातात. नंतर ती संधी मिळत नाही.

सहकाऱ्यांचे जबाब शक्य तितक्या लवकर आणि कंपनीच्या माणसांच्या गैरहजेरीत व्हावेत. स्थलांतरित आणि ठेक्यावरचे मजूर अपघातानंतर काही दिवसांत गावी पाठवले जातात किंवा दुसऱ्या साइटवर हलवले जातात, म्हणून त्यांचे कायमचे पत्ते आणि फोन क्रमांक त्याच दिवशी लिहून घ्यावेत. कुटुंबाने या काळात कोणत्याही कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये; अंत्यविधीच्या खर्चाची पावती म्हणून पुढे केलेल्या कागदातही ‘आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असे वाक्य असू शकते.

दुसरा टप्पा : कायद्याला नेमके काय सिद्ध करून हवे आहे

पुरावा गोळा करणाऱ्याला हे सुरुवातीलाच माहीत हवे, नाहीतर ढीगभर कागद जमतात आणि हवा तो कागद राहून जातो. कंपनीला दोषी ठरवण्याच्या, ढोबळमानाने, तीन पद्धती प्रचलित आहेत.

पहिली पद्धत सर्वांत जुनी आणि सर्वांत अवघड आहे. तिच्यात कंपनीचे मन म्हणजे तिच्या सर्वोच्च पदावरील एखाद्या व्यक्तीचे मन असे मानले जाते. त्या एकाच व्यक्तीचा पूर्ण गुन्हा सिद्ध झाला तरच कंपनी दोषी ठरते. 6 मार्च 1987 रोजी बेल्जियमच्या झेब्रुग बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट पुढचे दरवाजे उघडे ठेवून निघाली आणि उलटली. 193 जणांचा मृत्यू झाला. चौकशी अहवालाने कंपनीत वरपासून खालपर्यंत बेफिकिरी मुरल्याचे नमूद केले होते. तरीही 1990 मध्ये कंपनीवरील मनुष्यवधाचा खटला कोसळला, कारण दोष अनेकांमध्ये विखुरलेला होता आणि कोणाही एका वरिष्ठावर तो पूर्णपणे ठरत नव्हता. याउलट इंग्लंडमधील लाइम बे येथे 1993 मध्ये समुद्रात कयाक सहलीवर नेलेली चार शाळकरी मुले दगावली, तेव्हा सहल आयोजित करणारी कंपनी छोटी होती, सारा कारभार एका व्यवस्थापकीय संचालकाच्या हाती होता आणि धोक्याचा लेखी इशारा माजी प्रशिक्षकांनी थेट त्यालाच दिलेला होता. 1994 मध्ये कंपनी आणि संचालक दोघेही दोषी ठरले. कंपनी जितकी मोठी तितकी सुटण्याची शक्यता अधिक, असा या पद्धतीचा विपरीत परिणाम होतो.

दुसरी पद्धत याच अनुभवातून आली. ब्रिटनच्या 2007 च्या कॉर्पोरेट मनुष्यवध कायद्यात, जो 6 एप्रिल 2008 पासून लागू झाला, एकाच दोषी व्यक्तीचा शोध घ्यावा लागत नाही. वरिष्ठ व्यवस्थापनाने कामाची जी रचना केली ती काळजी घेण्याच्या कर्तव्याच्या घोर भंगातला महत्त्वाचा भाग होती, आणि त्या भंगामुळे मृत्यू झाला, एवढे सिद्ध करावे लागते. कॅनडाने वेगळ्या वाटेने तेच साधले. 9 मे 1992 रोजी नोव्हा स्कोशियातील वेस्ट्रे कोळसा खाणीत स्फोट होऊन 26 खाणकामगार ठार झाले आणि फौजदारी खटले निष्फळ ठरले; त्यानंतर 31 मार्च 2004 पासून तिथल्या फौजदारी संहितेत बदल झाला, आणि काम करवून घेणाऱ्या प्रत्येकावर कामगाराला इजा होऊ नये म्हणून वाजवी उपाय करण्याचे कायदेशीर कर्तव्य आले. ऑस्ट्रेलियाच्या 1995 च्या संघीय फौजदारी संहितेत तर नियमभंगाला मुभा किंवा उत्तेजन देणारी ‘कॉर्पोरेट संस्कृती’ हाही कंपनीचा दोष ठरवण्याचा मार्ग आहे.

तिसरी पद्धत सुरक्षा कायद्यातील गुन्ह्यांची. तिच्यात मृत्यूची इच्छा किंवा बेदरकारपणा सिद्ध करावा लागत नाही; कर्तव्य होते आणि ते पाळले गेले नाही एवढे पुरते. ब्रिटनच्या 1974 च्या सुरक्षा कायद्यात तर ‘याहून अधिक करणे वाजवीरीत्या शक्य नव्हते’ हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच आहे. शिक्षेच्या भाषेत हा गुन्हा मनुष्यवधाइतका जड वाटत नाही, पण दोषसिद्धीची शक्यता इथे सर्वाधिक असते.

भारतात या तिन्हींचे मिश्रण आढळते. कंपनीवर खटला चालवता येतो आणि कैद अनिवार्य असलेल्या गुन्ह्यातही तिला दंड करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले. कंपनीचे नियंत्रण करणाऱ्या व्यक्तींचा हेतू कंपनीचा मानता येतो, हे इरिडियम विरुद्ध मोटोरोला प्रकरणात मान्य झाले. मात्र ब्रिटनसारखा स्वतंत्र कॉर्पोरेट मनुष्यवधाचा कायदा नसल्याने इथे सामान्य फौजदारी संहिता आणि कामगार सुरक्षा कायदा या दोन्ही वाटांनी एकाच वेळी जावे लागते. जर्मनीसारख्या काही देशांत कंपनीवर फौजदारी खटलाच होत नाही, प्रशासकीय दंड होतो. तिथे सारा भर व्यक्तींवरील खटल्यावर द्यावा लागतो.

तिसरा टप्पा : इशारा कुठवर पोहोचला होता

हा संपूर्ण कामाचा गाभा आहे आणि सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. चार प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळवायची असतात : धोका कोणाला ठाऊक होता, तो दूर करण्याचा अधिकार कोणाकडे होता, त्याला किती खर्च आला असता, आणि नकार किंवा दिरंगाई कोणाच्या सहीने झाली.

सुरुवात खालून करावी. थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांच्या नोंदी, कामगारांच्या तक्रारी, सुरक्षा समितीच्या बैठकांची इतिवृत्ते, निरीक्षकाच्या जुन्या नोटिसा, विमा कंपनीच्या सर्वेक्षकाचे शेरे आणि बाहेरच्या ऑडिटरचे अहवाल क्रमाने लावावेत. एकच मुद्दा सलग तीन बैठकांत ‘कार्यवाही सुरू’ म्हणून पुढे ढकललेला दिसला तर तो मुद्दा कोणाच्या टेबलावर अडला होता ते शोधावे. त्यासाठी देखभाल विभागाने पाठवलेले खरेदीचे मागणीपत्र पाहावे. मंजुरीच्या साखळीत ते कोणापर्यंत गेले आणि कोणत्या शेऱ्यानिशी परत आले, हे त्यावरच असते. ‘पुढील आर्थिक वर्षात विचार करावा’ असा शेरा आणि खाली सही असलेले मागणीपत्र मिळाले, की सुपरवायझरपासून वरच्या मजल्यापर्यंतची शिडी जवळजवळ पूर्ण होते.

इटलीत ट्युरिन येथील थिसेनक्रुपच्या पोलाद कारखान्यात 6 डिसेंबर 2007 रोजी आग लागून सात कामगारांचा मृत्यू झाला. तो कारखाना बंद करण्याचे ठरलेले होते, आणि म्हणून आगप्रतिबंधक यंत्रणेवरचा खर्च लांबणीवर टाकण्यात आला होता. खटला याच आर्थिक निर्णयाभोवती उभा राहिला आणि कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यापर्यंत पोहोचला. 2011 मध्ये त्याला हेतुपुरस्सर मनुष्यवधासाठी साडेसोळा वर्षांची शिक्षा झाली; अपिलात गुन्ह्याचे स्वरूप निष्काळजीपणाचे ठरून शिक्षा कमी झाली, पण दोषसिद्धी टिकली. दुर्घटनेच्या क्षणी कोणी कोणती झडप उघडली यावर तपास थांबला असता तर हे घडले नसते.

फेरीबोटीच्या प्रकरणातही असाच धागा होता. दरवाजे बंद झाले की नाही हे कप्तानाला दाखवणारे दिवे बसवावेत, अशी सूचना जहाजावरच्या अधिकाऱ्यांनी आधीच केली होती आणि किनाऱ्यावरच्या व्यवस्थापनाने ती उडवून लावली होती. दुर्घटनेनंतर तेच दिवे थोड्याच दिवसांत बसवले गेले. अपघातानंतर कंपनीने केलेल्या दुरुस्त्यांची तारीख आणि खर्च म्हणूनच नोंदवून ठेवावेत. अमेरिकेसारख्या काही ठिकाणी अशी दुरुस्ती निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून दाखल होत नाही, पण उपाय मुळात शक्य होता का, या वादात ती तिथेही उपयोगी पडू शकते.

कंपनीने सादर केलेले सुरक्षेचे कागद संशयाने वाचावेत. सकाळच्या सुरक्षा सूचनांच्या रजिस्टरवरील सह्या त्याच दिवसाच्या हजेरीशी ताडून पाहाव्यात. रजेवर असलेल्या माणसाची सही सापडणे हा फारसा दुर्मीळ प्रकार नाही. एका महिन्याची सर्व परमिटे एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात, एकाच प्रकारे भरलेली असतील, गॅसचे मोजमाप रोज दशांशापर्यंत सारखेच असेल, किंवा परमिट देणारा अधिकारी त्या वेळी प्रवेशद्वाराच्या नोंदीनुसार आवाराबाहेर असेल, तर ती कागदपत्रे कंपनीच्या बचावाऐवजी तिच्या व्यवस्थेच्या पोकळपणाचा पुरावा होतात. धोक्याच्या मूल्यमापनाचा अहवाल दुसऱ्याच कारखान्याचा नाव बदलून आणलेला आहे का, हेही पाहावे. त्यात नसलेल्या यंत्रांचा उल्लेख आणि असलेल्या यंत्रांचा अनुल्लेख आढळतो.

ज्ञान सिद्ध करण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे त्याच धोक्यावर इतरांनी काय केले ते दाखवणे. बांगलादेशातील राणा प्लाझा इमारतीला 23 एप्रिल 2013 रोजी भेगा पडल्या. तळाशी असलेल्या बँकेने आपले कर्मचारी दूर ठेवले, वरच्या कपडे-कारखान्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी कामगारांना आत बोलावले, आणि 24 तारखेला इमारत कोसळून 1,100 हून अधिक माणसे मेली. एकाच इमारतीत एकाच इशाऱ्यावर घेतलेले दोन वेगळे निर्णय शेजारी शेजारी ठेवले, की ‘असे होईल हे कोणालाच वाटले नव्हते’ हा बचाव उरत नाही.

पदाधिकाऱ्यांची साखळी स्वतंत्रपणे मांडावी. संघटनेचा आराखडा, अधिकार सोपवल्याचे ठराव, संचालकांची नोंदणीतील माहिती आणि सुरक्षा समितीचे अध्यक्षपद कोणाकडे होते याची कागदपत्रे मिळवावीत. भारताच्या जुन्या, 1948 च्या फॅक्टरी कायद्यात कंपनीच्या कारखान्याचा ‘भोगवटादार’ (कारखान्यावर अंतिम नियंत्रण असलेली व्यक्ती) हा संचालकच असू शकत असे. एखाद्या पगारी व्यवस्थापकाला त्या जागी बसवून संचालकांना बाजूला होता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जे. के. इंडस्ट्रीज प्रकरणात सांगितले आहे. मात्र केवळ संचालक आहे म्हणून कोणी सामान्य फौजदारी गुन्ह्यात आपोआप दोषी ठरत नाही; 2015 च्या सुनील भारती मित्तल प्रकरणातील निर्णयानुसार त्याची सक्रिय भूमिका दाखवावी लागते किंवा कायद्यातच तशी तरतूद असावी लागते. सर्व संचालकांची नावे सरसकट घालून केलेली फिर्याद जोरदार दिसते, पण उच्च न्यायालयात पहिल्याच अर्जावर ती रद्द होण्याचा धोका असतो, आणि तिच्याबरोबर खऱ्या जबाबदार माणसाविरुद्धची कारवाईही लांबते.

चौथा टप्पा : मृत्यूचे कारण आणि कंपनीची चूक जोडणे

येथे अनेक चांगले खटले पडले आहेत. मुंबईतील एका रंगाच्या कारखान्यातील आगीत सात कामगार मरण पावले. परवाना थंड प्रक्रियेचा असताना तिथे भट्ट्यांवर रंग गरम केला जात होता. सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये व्यवस्थापकाला निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या आरोपातून मुक्त केले, कारण आगीचे थेट आणि निकटचे कारण दुसऱ्या एका कामगाराने घाईने टर्पेंटाइन ओतणे हे होते. ज्वालाग्राही पदार्थाबाबतच्या निष्काळजीपणाचा किरकोळ गुन्हा तेवढा कायम राहिला. भारतात हा निर्णय बचाव पक्ष आजही पुढे करतो. त्याला उत्तर द्यायचे तर कामगाराची घाई हीच कंपनीने घडवलेली परिस्थिती होती, हे पुराव्याने दाखवावे लागते : प्रशिक्षण दिलेले नव्हते, उत्पादनाचे उद्दिष्ट पाळायचे तर घाई करावीच लागत होती, आणि अशी चूक माणसाकडून होणार हे गृहीत धरून बसवायची संरक्षक यंत्रणा बसवलेली नव्हती.

स्वतंत्र तज्ज्ञ लवकर नेमावा. त्याला ‘अपघात कसा झाला’ एवढेच विचारू नये. ‘कोणता उपाय असता तर हा मृत्यू टळला असता, आणि तो उपाय त्या काळी त्या उद्योगात रूढ होता का’ हा प्रश्न लेखी विचारावा.

पाचवा टप्पा : कोणती कलमे, कोणत्या मुदतीत

आरोपाचे कलम सुरुवातीलाच हलके लागले तर नंतर चढवणे फार कठीण जाते. 1984 च्या भोपाळ वायुकांडात सदोष मनुष्यवधाचे आरोप 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणाने मृत्यूच्या कलमापर्यंत खाली आणले. परिणामी जून 2010 मध्ये, दुर्घटनेनंतर 25 वर्षांहून अधिक काळाने, दोषी ठरलेल्यांना जास्तीत जास्त दोन वर्षांचीच कैद होऊ शकली. धोक्याची माहिती असूनही काम चालू ठेवल्याचा लेखी पुरावा हाती असेल तर तो पहिल्या फिर्यादीतच तारखेसह नमूद करावा. ‘जाणीव’ आणि ‘निष्काळजीपणा’ यांच्यातील फरक त्या एका तारखेवर ठरू शकतो.

भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या कलम 106 प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते; कलम 105 सदोष मनुष्यवधाचे आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता 2020 नुसार कर्तव्यभंगामुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि दंडाची किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. शक्य तिथे दोन्ही कायद्यांखाली कारवाईची मागणी करावी, म्हणजे एक बाजू पडली तरी दुसरी उभी राहते.

मुदतींचे भान सर्वांत आधी ठेवावे. सुरक्षा कायद्यांखालील मुदती आश्चर्य वाटावे इतक्या तोकड्या असतात : भारताच्या जुन्या फॅक्टरी कायद्यात निरीक्षकाला गुन्हा कळल्यापासून तीन महिन्यांत तक्रार दाखल करावी लागे, आणि अमेरिकेत संघीय सुरक्षा यंत्रणेला नियमभंगाची नोटीस सहा महिन्यांतच बजावावी लागते. पुष्कळ ठिकाणी खासगी व्यक्तीला थेट खटला भरताच येत नाही; ब्रिटनच्या 2007 च्या कायद्याखाली सरकारी अभियोग संचालकाची संमती लागते, तर फॅक्टरी कायद्याखाली दखल घेण्यासाठी निरीक्षकाचीच तक्रार लागत असे. म्हणून निरीक्षकाला पहिल्या महिन्यातच लेखी विचारावे की आपण खटला भरणार आहात का, आणि नसल्यास कारण काय.

आणखी एक खाचखळगा व्यक्ती आणि कंपनी यांच्यातील निवडीचा. ब्रिटनच्या कॉर्पोरेट मनुष्यवध कायद्याखाली कोणाही व्यक्तीवर आरोप ठेवता येत नाही. संचालकाला आणायचे तर सामान्य मनुष्यवधाचा आरोप किंवा 1974 च्या कायद्यातील संमती, संगनमत वा दुर्लक्षाची तरतूद वापरावी लागते. दक्षिण कोरियाने 27 जानेवारी 2022 पासून लागू केलेल्या गंभीर दुर्घटना कायद्यात मात्र सुरक्षा व्यवस्था उभी करण्याचे कर्तव्य थेट व्यवसायाच्या प्रमुखावर टाकले असून, ते मोडल्याने मृत्यू झाल्यास किमान एक वर्षाच्या कैदेची तरतूद आहे. माझ्या मते केवळ कंपनीला दंड झाल्याने समाधान मानू नये; दंड भागधारकांच्या खिशातून जातो आणि निर्णय घेणारा दुसऱ्या कंपनीत त्याच पदावर रुजू होतो.

सहावा टप्पा : ठेकेदाराआड लपलेली मुख्य कंपनी

मृत माणूस आमचा कामगारच नव्हता, हे उत्तर हमखास येते. त्यावर नोकरीचा करार शोधत बसण्यापेक्षा जागेचे आणि कामाचे नियंत्रण कोणाकडे होते हे दाखवावे. परमिट कोणी दिले, वीज बंद करण्याचा अधिकार कोणाचा होता, कामाची वेळ आणि क्रम कोण ठरवत असे, कंत्राटाच्या निविदेत सुरक्षेसाठी वेगळी रक्कम होती की नाही, आणि सर्वांत कमी बोली स्वीकारताना तेवढ्या पैशात ते काम सुरक्षितपणे होऊ शकते का हे कोणी तपासले होते, या प्रश्नांची उत्तरे मुख्य कंपनीच्याच फाइलीत असतात. मूळ कंपनी आणि उपकंपनी यांच्यातही हाच प्रश्न, फक्त फाइल दुसऱ्या शहरात किंवा देशात असते.

सातवा टप्पा : तपास हलत नसेल तर

प्रत्येक भेटीनंतर काय ठरले ते लेखी कळवून ठेवावे. भारतात गुन्हा नोंदवला जात नसेल तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करून, त्यानंतर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175(3) खाली दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. इंग्लंडमध्ये खटला न भरण्याच्या निर्णयाचा फेरविचार मागण्याचा हक्क पीडिताच्या कुटुंबाला आहे. जिथे मृत्यूची न्यायिक किंवा सार्वजनिक चौकशी होते, तिथे तिला दुय्यम समजू नये. साक्षीदारांना शपथेवर प्रश्न विचारण्याची पहिली संधी तिथेच मिळते, आणि वेस्ट्रेसारख्या चौकशीने खटला फसल्यानंतरही कायदा बदलायला लावला.

नुकसानभरपाई आणि फौजदारी कारवाई यांची गल्लत होऊ देऊ नये. भरपाई हा वारसांचा स्वतंत्र हक्क आहे आणि ती घेतल्याने तक्रार आपोआप संपत नाही. कंपनीकडून येणाऱ्या तडजोडीच्या मसुद्यात जबाब बदलण्याची, न्यायालयात ‘हरकत नाही’ असे सांगण्याची किंवा घटनेविषयी कोठेही न बोलण्याची अट असेल तर ते कलम वगळूनच सही करावी. घरात कमावते कोणी उरले नसताना हे सांगणे सोपे आहे आणि पाळणे अवघड, याची जाणीव ठेवून संघटनेने त्या काळात कुटुंबाच्या खर्चाची तरतूद केली तर साक्षीदार टिकतात.

आठवा टप्पा : नेहमीचे बचाव

‘कामगाराचीच चूक होती’ हा बचाव सर्वांत आधी येतो, कारण उत्तर द्यायला तो माणूस हयात नसतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये औद्योगिक मनुष्यवधाच्या नव्या कायद्याखाली पहिली दोषसिद्धी 2020 मध्ये झाली. परवाना नसलेल्या चालकाने मागे घेतलेल्या फोर्कलिफ्टमुळे एक कामगार चिरडला गेला होता, आणि दोष मृतावरच ढकलण्याचा प्रयत्न झाला होता. कंपनीकडे सुरक्षेची लेखी व्यवस्थाच नव्हती. तिला 30 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला आणि दोन संचालकांना स्थगित स्वरूपाची कैद झाली.

‘सुपरवायझरने आमच्या धोरणाविरुद्ध वागून काम करवले’ हा बचाव अधिक चलाख असतो. टोरंटोमध्ये 24 डिसेंबर 2009 रोजी बांधकामावरचा झुला (दोरांनी टांगलेला कामाचा मंच) तुटून चार कामगार मेले. झुल्यावर सहा जण होते आणि दोरखंडाची सोय मात्र दोघांपुरतीच होती. मृतांतील एक साइट सुपरवायझर होता. कॅनडाच्या कायद्यात कामाच्या एखाद्या महत्त्वाच्या भागाचे व्यवस्थापन करणाराही वरिष्ठ अधिकारी मानला जातो, म्हणून त्याचे वर्तन कंपनीचे वर्तन ठरले, आणि प्रकल्प व्यवस्थापकाला स्वतंत्र खटल्यात साडेतीन वर्षांची कैद झाली. अशी व्याख्या नसलेल्या देशांत या बचावाचे उत्तर तिसऱ्या टप्प्यातच आहे : धोरण मोडले जात असल्याचे वर किती दिवस ठाऊक होते, आणि ते मोडल्याबद्दल आजवर कोणावर कारवाई झाली होती का.

नववा टप्पा : शिक्षा आणि तिची वसुली

दोषसिद्धीनंतर सुनावणी संपत नाही, आणि अनेक कुटुंबांचे वकील नेमके इथे ढिले पडतात. टोरंटोच्या त्याच प्रकरणात कंपनीला आधी दोन लाख कॅनेडियन डॉलरचा दंड झाला होता. सरकारी पक्ष अपिलात गेला आणि 2013 मध्ये तो साडेसात लाखांवर गेला. ब्रिटनच्या 2007 च्या कायद्याखालची पहिली दोषसिद्धी 2011 मध्ये झाली : आधार न दिलेल्या तपासणी खड्ड्याची भिंत कोसळून एक तरुण भूवैज्ञानिक मरण पावला होता. कंपनी अगदी छोटी होती, तरी 3 लाख 85 हजार पौंडांचा दंड दहा वर्षांच्या हप्त्यांत आकारण्यात आला. म्हणून कंपनीची गेल्या काही वर्षांची उलाढाल, समूहातील तिचे स्थान आणि संचालकांना दिलेले मोबदले यांची कागदपत्रे शिक्षेच्या सुनावणीआधी सरकारी वकिलांच्या हाती द्यावीत. जिथे कायद्यात तरतूद आहे तिथे दंडाबरोबर सुधारणेचा आदेश, गुन्ह्याची जाहीर प्रसिद्धी करण्याचा आदेश आणि संचालकपदाला अपात्र ठरवण्याचा आदेशही मागावा. सुधारणेच्या आदेशात काम, तारीख आणि पूर्ततेचा अहवाल कोणाला द्यायचा हे नमूद नसेल तर पुढे तो तपासताच येत नाही.

खटला चालू असताना कंपनी नोंदणीतून नाव काढून घेण्याचा किंवा मालमत्ता भगिनी कंपनीकडे वळवण्याचा प्रयत्न करू शकते. त्यासाठी कंपनी नोंदणी कार्यालयातील तिची सार्वजनिक नोंद दर महिन्याला तपासावी, नाव काढण्याचा अर्ज दिसताच प्रलंबित फौजदारी कारवाईचा क्रमांक देऊन लेखी हरकत नोंदवावी, आणि त्या हरकतीची प्रत सरकारी वकिलांना व सुरक्षा निरीक्षकाला त्याच दिवशी पाठवावी.